पिशव्यांचे पंख

कापड गिरणी बंद पडली त्या वर्षी आमच्या पुएर्तो तिंबो गावात पैसा दिसेनासा झाला. बँकेत आपलेच पैसे मागायला गेलं की खिडकीतली मुलगी खाली मान घालून म्हणायची, पुढच्या आठवड्यात बघा. तेव्हा आम्ही बायका रेल्वेच्या गोदामात जमायला लागलो. गाडी येणं केव्हाच थांबलं होतं, त्यामुळे आम्हाला तिथून कुणी उठवणार नव्हतं. जिच्याकडे जे असेल ते तिनं आणायचं आणि हवं ते घेऊन जायचं. मी चेला, बायकांचे केस कापते. त्या काळात मी केस कापायचे आणि अंडी घेऊन घरी जायचे. कुणा नवरीचा अंबाडा घातला तर कोंबडी मिळायची.

या सगळ्यामागे हात होता तो देल्मिरा सोतेलोचा. ती गिरणीत शिवणखात्यात होती. नवरा कामासाठी दक्षिणेला गेला तो तिकडचाच होऊन बसला. घरात ती आणि लहानगी यानिना. देल्मिराच्या हाती पडदा लागला की त्याचा कोट व्हायचा, कोट विरला की पिशवी, पिशवी फाटली की सपाता. यानिनाचा शाळेचा पांढरा डगला तिनं पलंगपोसाचा शिवला, तो इतका नेटका की बाकीच्या आया आपापले पलंगपोस काखेत मारून तिच्या दारात आल्या. सुतळी, बटणं, बाटल्यांची झाकणं, दुधाच्या पिशव्या, काहीही तिच्या घरातून बाहेर पडत नसे.

पेर्ला इन्सफ्रानच्या नवऱ्याचं चौकात बुटांचं दुकान होतं. त्यालाही कुलूप लागलं. पेर्ला गोदामात पहिल्यांदा आली ती काळा चष्मा लावून, जणू काही चुकून आत शिरली. देल्मिरानं तिला बसायला खोकं दिलं, हातात येर्बाचा कडू चहा दिला, आणि टायरच्या रबराचा तळ बुटाला कसा बसवायचा ते दाखवलं. थोड्याच दिवसांत पेर्ला सगळ्या गावाचे बूट सांधत होती. चष्मा मात्र तिनं काढला नाही.

मग हळूहळू दिवस पालटले. गिरणीचे दोन भोंगे होते, त्यातला एक पुन्हा वाजायला लागला. पेर्लाच्या दुकानाचं शटर वर गेलं. त्या जूनमध्ये सान हुआन संताच्या सणाची होळी पेटवली तेव्हा पेर्लाच म्हणाली, "बायांनो, हे सगळं दळिद्र आज जाळून टाकायचं. पुन्हा म्हणून कॉलर उलटी करून शिवायची नाही. पुन्हा म्हणून प्लास्टिकची पिशवी धुवायची नाही. घ्या शपथ!"

आम्ही घेतली. ठिगळांचे परकर, टायरच्या चपला, उसवून विणलेले स्वेटर, जे हाताला लागलं ते आगीत टाकलं आणि अशा नाचलो की दुसऱ्या दिवशी पाय उचलवेनात. देल्मिरानं मात्र एक फाटका मोजा टाकला. तोही एकच.

"अगं, दुसरा कुठाय?" पेर्लानं विचारलं.

"दुसरा चांगला आहे," देल्मिरा म्हणाली.

त्यानंतरची दहाएक वर्षं बरी गेली. पेर्लानं दुकानाला वरपासून खालपर्यंत काच लावली आणि तिच्या अंगावर एक झगा दोनदा दिसेनासा झाला. माझ्या दुकानात केस वाळवायची खुर्ची आली. आम्ही सगळ्या उरलेलं अन्न बिनदिक्कत टाकायला लागलो, निदान एकमेकींसमोर तरी. देल्मिरा तशीच राहिली. कुणाच्या वाढदिवसाला गेली की भेटीवरचा कागद फाटण्याआधी हात पुढे करायची, "हळू गं, हळू, चिकटपट्टी ओली कर म्हणजे सुटेल." पेर्ला सगळ्यांच्या देखत म्हणायची, "देल्मिरा, कागदाला इस्त्री करतेस की अजून तसाच गादीखाली ठेवतेस?"

"जाड असला तर इस्त्री," देल्मिरा शांतपणे सांगायची, आणि सगळ्या हसायच्या. तीही हसायची.

हसायची नाही ती यानिना. ती आता मोठी झाली होती, शहरात जाऊन कार्निव्हलचे पोशाख करायला शिकून आली होती, आणि आमच्या मंडळाचे सगळे पोशाख तिच्या ताब्यात होते. आमचं मंडळ म्हणजे पांढरे बगळे. नदीकाठच्या वस्तीचं. वरच्या चौकातलं मंडळ सम्राट. कार्निव्हलची ढाल कायम सम्राटकडे. त्यांच्यात डॉक्टर, वकील, गुरांचे मालक. त्यांचे मुकुट पाहिले की आमचे बगळे भिजलेल्या कोंबड्यांसारखे दिसायचे.

त्या वर्षी यानिनानं मंडळाच्या सभेत टेबलावर हात आपटला. "या वेळी जुनं काही नाही. गेल्या वर्षीची पिसं रंगवून नाहीत, उसवलेले मणी पुन्हा शिवून नाहीत. सगळं नवंकोरं, परदेशातून. एकदा तरी लोकांना कळू दे आपण काय करू शकतो."

सगळ्या वस्तीनं वर्षभर चिपाचे पाव आणि एम्पानादाच्या करंज्या विकून जो निधी जमवला होता तो त्या ऑर्डरीत गेला. शहामृगाची पांढरी पिसं, काचेचे खडे, चंदेरी फिती. पेर्ला मंडळाची खजिनदार होती. ऑर्डरीवर सही करायला तिनं खास नखं लाल रंगवून घेतली होती माझ्याकडून.

कार्निव्हल फेब्रुवारीत. जानेवारी उजाडला तरी माल नाही. राजधानीच्या बंदरात खोकी येऊन पडली होती, पण परदेशी मालावर नवे नियम आले होते आणि कुठल्याशा परवान्यावाचून ती सुटत नव्हती. यानिना रोज फोन करायची. शेवटी एका दुपारी ती गोदामात आली. तेच रेल्वेचं गोदाम आता मंडळाचं पोशाखघर झालं होतं. तिनं दारातच सांगून टाकलं, "कार्निव्हलच्या आधी नाही सुटत. विषय संपला."

बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते. आत तारेचे नुसते सांगाडे भिंतीला टेकून उभे होते. पाठीवर बांधायचे पंख होते ते, पिसांवाचून.

"मग नाव मागे घ्यायचं," पेर्ला म्हणाली. "हसं करून घेण्यापेक्षा बरं."

आन्सेल्मोकाका ढोलपथकाचे प्रमुख, सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "माझे ढोल तर कुठल्या बंदरात अडकले नाहीत. आम्ही वाजवणार."

"काका, ढोल ऐकायला कोण येतं? लोक बघायला येतात!"

तेव्हा कोपऱ्यात काज करत बसलेली देल्मिरा उठली. "माझ्या घरी आहे थोडंफार," ती म्हणाली. "जुनी पिसं आहेत, चांदीचे कागद आहेत. प्रत्येकीनं घरात बघा, काय निघतंय."

"आमच्या घरात काय निघणार?" पेर्ला म्हणाली. "आम्ही होळीत टाकलं सगळं. तूच तेवढी राहिलीस भंगारवाली."

यानिनाला ते लागलं, पण रागावली ती आईवर. "नको आई. प्लीज नको. लहानपणापासून मी जे घातलं ते आधी दुसरंच काहीतरी होतं. डगला म्हणजे पलंगपोस. दप्तर म्हणजे पिठाची गोणी. पहिल्या नाचाचा झगा म्हणजे जुना पडदा, आणि पोरं मला विचारत होती खिडकी कुठाय म्हणून. मला एकदा, एकदाच, नव्यातून काहीतरी करायचं होतं."

मला वाटलं देल्मिरा आता काहीतरी सुनावेल. ती लेकीजवळ गेली, तिच्या खांद्यावर चिकटलेला दोरा काढला, आणि सवयीनं तो बोटाला गुंडाळत म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पण आता नवं नाहीये. तू सांग काय करू. नाव मागे घ्यायचं असेल तर मी तुझ्याबरोबर येऊन अर्जावर सही करते. करायचं असेल तर तू म्हणशील ते कापते. मुख्य तू आहेस, मी नाही."

यानिना बाहेर गेली. रुळांवर बसून राहिली बराच वेळ. परत आली तेव्हा डोळे लाल होते. "आण काय आहे ते," ती म्हणाली.

देल्मिरानं हातगाडीवर घालून सगळं आणलं. आम्ही अधीर होऊन पेट्या उघडल्या, आणि आमची तोंडं उतरली. पिसांना कसर लागली होती. हात लावला की भुकटी. चांदीचे कागद, बटणं, झाकणं धड होती, पण सबंध ताफ्यापुढे ते मीठ-मिरीएवढं. देल्मिरा पेटीच्या तळाशी बघत उभी राहिली. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. एवढी वर्षं जपलं, आणि वेळेला भुकटी.

"दोन-तीन पंखांपुरतं होईल," यानिना हळूच म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात राग नव्हता.

मी घरी गेले. जेवायला बसले. अर्ध्या ताटावरून उठून पलंगाखाली वाकले. आता सांगायला हरकत नाही. पलंगाखाली माझ्याकडे चार पोती होती. बायका लांब वेण्या कापून घेतात ना, त्या वेण्या. काळ्या, पिंगट, एक-दोन लाल. पुसून, रिबिनीनं बांधून ठेवलेल्या. कशासाठी, विचारू नका. टाकवत नव्हतं. शपथ घेतल्यानंतर आठवड्याभरातच मी पहिली वेणी पोत्यात घातली होती.

सकाळी त्यातलं एक पोतं खांद्यावर घेऊन गोदामात गेले तर दारात नील्दा उभी. नील्दा बेकरीवाली. तिच्या हातात दोन गच्च भरलेल्या पिशव्या.

"हे माझं नाहीये," ती मला बघून घाईनं म्हणाली. "सासूबाईंचं आहे."

"तुझ्या सासूबाई जाऊन किती वर्षं झाली?"

"तेच म्हणते, जुनंच आहे!"

पिशव्यांत येर्बाची आणि वेफर्सची रिकामी पाकिटं होती, उलटी करून धुतलेली, आतली चांदी चकचकीत. वेफर्सची ती पाकिटं तर गेल्याच वर्षी बाजारात आली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून तोंडं दाबून हसलो. मागून दवाखान्यातली आया आली, जुन्या एक्स-रेचा गठ्ठा घेऊन. रद्दीत जाणार होते, तिनं घरी आणले होते, काचेऐवजी खिडकीला लावायला. कुणी लोकरीचे गुंडे आणले, कुणी बिघडलेल्या सीडी, कुणी दह्याच्या भांड्यांची चळत. दुपारपर्यंत गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही. जी ती आधी म्हणायची, माझं नाही, नवऱ्याचं आहे, बहिणीचं आहे, भाडेकरूचं आहे. आन्सेल्मोकाका कोंबड्यांच्या पिसांचं पोतं घेऊन आले आणि म्हणाले, "हे मात्र माझंच आहे, उशी करायची होती."

सगळ्यांत शेवटी पेर्लाची गाडी आली. ती उतरली, काळा चष्मा लावलेला. गाडीची डिकी उघडली आणि दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. डिकीत बुटांची खोकी होती, एकावर एक, दोरीनं बांधलेली. देल्मिरानं एक उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशव्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, एकेकीची घडी करून समोशासारखा त्रिकोण केलेला. दुसऱ्यात तशाच. तिसऱ्यात बुटांच्या जुन्या नाड्या, बक्कलं, चॉकलेटचे सोनेरी कागद, नखानं सपाट केलेले.

"कुणी हसलं तर याद राखा," पेर्ला म्हणाली.

कुणी हसलं नाही. मग देल्मिरानंच एक त्रिकोण उचलला, उजेडात धरून सगळ्या कडा बघितल्या आणि म्हणाली, "पेर्ला, कोपरा किती छान मुडपलायस गं. मला असा कधी जमला नाही."

पेर्लाचा चष्मा घसरला. ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मग गोदामात जो काही गलका झाला तो वरच्या चौकात ऐकू गेला असेल.

"दहा वर्षं!" नील्दा पोट धरून ओरडत होती. "दहा वर्षं मी माळ्यावर लपवत होते, आणि ही बया डिकी भरून!"

"रात्री धुवायचे," पेर्ला डोळे पुसत म्हणाली. "नवऱ्याला सांगायचे, हातमोजे धुतेय."

यानिना मात्र हसत नव्हती. ती एक्स-रेचा गठ्ठा घेऊन बसली होती. तिनं एक फिल्म ब्लीचच्या पाण्यात बुडवली, घासली. काळा रंग आणि त्यातली हाडं पुसली गेली आणि खाली निळसर, काचेसारखं पारदर्शक काहीतरी राहिलं. तिनं त्याचं लांबट पीस कापलं, कडेला बारीक चिरा दिल्या, मेणबत्तीवर क्षणभर धरलं. पीस वळलं, अगदी जिवंत पिसासारखं. तिनं ते दारातल्या उन्हात धरलं. भिंतीवर निळी झुळूक हलली.

"आई," ती म्हणाली, "हे बघ."

देल्मिरानं बघितलं. "असं मला सुचलं नसतं," ती म्हणाली. "मी त्याची खिडकीच केली असती."

त्यानंतर यानिना कुणाला आवरेना. तिनं आधीची सगळी चित्रं फाडून टाकली. म्हणजे फाडणार होती. देल्मिरानं कागद काढून घेतले, मागची बाजू कोरी होती. बगळ्यांची मान पिशव्यांच्या पट्ट्या विणून झाली. पंखांची वरची पिसं एक्स-रेची, खालची दुधाच्या पिशव्यांची. सीडीचे तुकडे मुकुटात, पाकिटांची चांदी छातीवर, माझ्या वेण्यांची आयाळ ताफ्यापुढे नाचणाऱ्या सोंगाच्या घोड्यांना. कोंबड्यांची पिसं कांद्याच्या सालीत रंगवून बीटाच्या पाण्यातून काढली, त्यांना संध्याकाळच्या आभाळाचा रंग चढला. यानिना खांद्यावर मोजपट्टी टाकून फिरायची आणि एखादं पीस जरा जाड दिसलं की उचकटून टाकायची. "गरिबाघरचं दिसलं नाही पाहिजे. बगळा दिसला पाहिजे. पुन्हा कर." देल्मिरा मुकाट्यानं पुन्हा करायची. पेर्ला कुरकुरायची आणि मग सगळ्यांत जास्त करायची.

कार्निव्हलच्या दिवशी दुपारी आम्ही मुलींना पोशाख चढवत होतो. यानिनानं आईला पडद्यामागे बोलावलं. मीही गेले, दोरा संपला होता म्हणून. आत एक झगा टांगलेला होता. पांढऱ्या सॅटिनचा, दुकानातून आणलेल्या कोऱ्या कापडाचा. त्याच्यावर कशाचंही ठिगळ, कशाचाही जुना धागा नव्हता.

"हा कुणाचा?" देल्मिरानं विचारलं.

"तुझा. तू पुढे चालायचंस, निशाण घेऊन."

देल्मिरानं कापडाला हात लावला. उलटं करून शिवण बघितली. मग घेर बघितला. "एवढ्या कापडात दोघींचे झाले असते गं," ती म्हणाली.

"माहीत आहे," यानिना म्हणाली. "म्हणूनच."

देल्मिरानं तिथल्या तिथे अंगातला झगा काढला आणि हात वर केले, लहान मुलीसारखे, आणि लेकीनं तिला तो नवा झगा घातला. पाठीची बटणं मी लावली.

आम्ही नदीकाठच्या रस्त्यावर आलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. दोन्ही बाजूंना माणसांची ही गर्दी. सम्राट आमच्या आधी जाणार होते. त्यांचे मुकुट, त्यांची पिसं, खरी, शहामृगाची, गेल्या वर्षी नियम येण्याआधी आणून ठेवलेली. खोटं कशाला सांगू, सुंदर होते ते. त्यांना बघून आमच्या काही मुलींचे चेहरे पडले.

आणि तेवढ्यात पाऊस आला. उन्हाळ्यातला आडदांड पाऊस, वारा आधी आणि मग एकदम सगळं आभाळ. सम्राटवाल्यांची पळापळ झाली. पीस भिजलं की संपलं, दोरीसारखं लोंबतं. त्यांच्या मुली मुकुट काढून पोटाशी धरायला लागल्या. कुणी अंगावरचा सदरा काढून पंखावर टाकत होतं. सम्राटचे अध्यक्ष, आमच्या गावाचे दातांचे डॉक्टर, रस्त्याच्या मधोमध उभे राहून हातवारे करत होते.

आमच्या बगळ्यांवरून पाणी नुसतं ओघळून जात होतं. एक्स-रेची पिसं धुऊन अधिकच चमकायला लागली. आमच्यातलं कुणीतरी ओरडलं, "चला! आता ते संपले!"

देल्मिरानं निशाण आन्सेल्मोकाकांच्या हातात दिलं आणि पेर्लाकडे वळली. "उरलेल्या पिशव्या कुठेत?"

"गाडीत. का?" पेर्लानं विचारलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. "नाही हं, देल्मिरा! त्यांच्यासाठी? दरवर्षी नाक मुरडून जातात आपल्यासमोरून!"

"वर्षभर शिवलंय त्यांच्याही पोरींनी. भिजलेल्या कोंबड्यांना हरवून काय मिरवायचं?"

पेर्ला क्षणभर उभी राहिली. मग शिव्या घालत गाडीकडे पळाली. खोकी घेऊन ती सरळ सम्राटच्या गोंधळात घुसली. "ए मुली, वाक इकडे. हलू नकोस. डॉक्टर, बघत काय उभे राहिलात, हे धरा!" ती त्रिकोण झटक्यात उघडायची आणि पिशवी मुकुटावर चढवायची, एकामागून एक. मीही गेले, नील्दाही गेली. पाऊस थांबला तोवर सम्राटचे झाडून सगळे मुकुट झाकले गेले होते. वर बाजाराची, औषधाच्या दुकानाची, पेर्लाच्या स्वतःच्या दुकानाची नावं मिरवत. पिशव्या काढल्या तेव्हा आतली पिसं कोरडी ठणठणीत.

डॉक्टर पेर्लाला म्हणाले, "मॅडम, या एवढ्या पिशव्या तुमच्याकडे..."

"मी जपून ठेवते," पेर्ला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "धुऊन. घडी करून."

मग सम्राट गेले, पूर्ण दिमाखात, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आन्सेल्मोकाकांनी ढोलावर पहिला ठोका टाकला.

पुढे देल्मिरा, पांढऱ्या सॅटिनमध्ये, निशाण घेऊन. तिच्या मागे बगळे. रस्त्यावरचे मोठे दिवे तेव्हाच लागले, आणि मुलींनी पंख उघडले. पंख उघडल्याचा तो आवाज मी विसरणार नाही. गर्दीतून आधी काहीच आवाज आला नाही. नुसता श्वास. निळसर काचेचे पंख, त्यांच्यातून दिवे आरपार, ओल्या रस्त्यावर त्यांचं प्रतिबिंब, त्यामुळे खाली एक थवा आणि वर एक थवा. मुली वळल्या की सगळा रस्ता सरसरायचा. मग लोक उठून उभे राहिले. काठावरच्या खुर्च्या पडल्या. एक म्हातारा माझ्या शेजारी सारखा विचारत होता, "कशाचे आहेत? कशाचे आहेत हे?"

यानिना पंक्तीच्या कडेनं उलटी चालत होती, सगळ्यांवर नजर ठेवून, दातात टाचण्या धरून. एका जागी ती थांबली आणि नुसती बघत राहिली. तिनं टाचण्या तोंडातून काढल्या, हातात धरल्या, आणि मोकळं हसली.

परीक्षकांनी नाव पुकारलं तेव्हा पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. "पांढरे बगळे" म्हटल्यावर आमच्या मुली मागे वळून बघायला लागल्या, जणू मागे आणखी कुणी त्याच नावाचं उभं आहे. मग एकच आरडाओरडा. नील्दानं माझ्या गालाला चावाच घेतला. डॉक्टर स्वतः ढाल घेऊन आले आणि त्यांनी ती देल्मिराच्या हातात दिली. तिनं ती यानिनाकडे दिली. यानिनानं पुन्हा तिच्याकडे दिली. शेवटी दोघींनी ती एकेका बाजूनं धरली.

ढाल जिंकली की विजेत्यांनी वाजतगाजत आपल्या वस्तीत परतायचं ही रीत. पण पेर्लानं ढोलवाल्यांच्या पुढे जाऊन दोन्ही हात पसरले. "आज घरी नाही. आज वरच्या चौकात!"

आमचं मंडळ तिथे कधी गेलंच नव्हतं. सगळे देल्मिराकडे बघायला लागले. तिच्या नव्या झग्याचा घेर चिखलानं भरला होता, केस विस्कटले होते, पायांतले बूट तिनं केव्हाच काढून हातात घेतले होते.

"दमलीस ना आई?" यानिनानं विचारलं. "टॅक्सी बोलवू?"

"कशाला," देल्मिरा म्हणाली. "पाय आहेत की."

आन्सेल्मोकाकांनी काठ्या उचलल्या. सम्राटच्या पोरांनीही आपले ढोल पुन्हा गळ्यात अडकवले. चौकाकडच्या चढावर दोन्ही बाजूंच्या खिडक्या एकामागून एक उघडत गेल्या, आणि सगळ्यांच्या पुढे देल्मिरा अनवाणी नाचत वर चढायला लागली.